अंगणातल्या खजुराला सोंड्या

६ मे, रवि.
आधी आली घरमालकीण, उम्म फहद. वरच्या मजल्यावरून उतरली ती थेट आमच्या खजुराजवळ. बुंध्यातून तपकिरी पाणी गळतंय, आंबूस वास. मी ओळखलं, रत्नागिरीला माडाला लागतो तोच सोंड्या भुंगा. ती म्हणाली, माणसं बोलावते, त्यांना जमलं नाही तर खलास, तोडायचा. पिल्लू होतं तेव्हापासून मी वाढवलेला. यंदा पहिलाच घोस. जेवण गेलं नाही.

७ मे
सकाळी बेल. रुबीनाने दाराच्या भोकातून पाहिलं. दोन सौदी मुली, गळ्यात कार्ड, हातात कागद. "अम्मी, तपासणीवाल्या. हलू नका." माझ्या मुलाची, नझीरची, ऑफिसातली खुर्ची इथल्या पोराला दिली, नवा कफील म्हणजे जामीन राहणारा मालक मिळाला, पण त्याच्या नावचा इकामा, राहण्याचा परवाना, अजून लटकलेला, भीती वाटतेच. दिवे बंद करून सासू-सुना स्वयंपाकघरात बसलो. तेवढ्यात मेल्या कुकरने शिट्टी दिली. गेल्या एकदाच्या. मी शुकराना नमाज पढले.

८ मे
उम्म फहदने वरून झाडलं. "दार का नाही उघडलं? खजूरवाल्या होत्या त्या." आम्ही आपले शिडी घेतलेल्या बंगाल्यांची वाट बघत बसलो होतो. नझीर किती दिवसांनी हसला. म्हणतो, "अम्मी, आता ही कामंही त्यांचीच पोरं करतात. माझी खुर्ची गेली ती काय एकटी?" हसले मीही. मग बुंध्याला कान लावला. आत कुरकुर चाललेली. आमच्या भीतीपायी त्या भुंग्याला एक दिवस जास्त मिळाला.

९ मे
त्याच दोघी आल्या, दार मीच उघडलं. मोठी नूरा, लहानीचं नाव राहिलं विचारायचं. नूराने बुंध्याला भोकं पाडली, औषध भरलं, वर माती लिंपली. मी हाताने कापल्यासारखं करून विचारलं, खलास? "ला, या उम्मी." नाही, आई. मधला कोंब हिरवा आहे म्हणे, तो सरळ वर आला तर झाड वाचलं. जीव भांड्यात पडला. नारळ घालून सांदणं केलेली, बसवून खायला घातली. लहानी रुबीनाला म्हणते, "परवा घरात कुणी नव्हतं, पण स्वयंपाक चालला होता." रुबीना लाल झाली, मी आणखी एक सांदण वाढलं.
उम्म फहद म्हणते, कोंबाचं कळेतोवर कुऱ्हाड लावत नाही.
दोघी कोंब बघायला पुढच्या बुधवारी येतात.