आत्याच्या वावराची पाळी

गंगापूर रोड, नाशिक
२१ जुलै

ती. कुसाआत्यास,
ज्ञानेशचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे हे आधीच विचारून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तू ते सांगण्याच्या मनःस्थितीत राहणार नाहीस. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू लगेच "जाऊ दे रे" म्हणतेस, आणि ते ऐकायची माझी लायकी नाही.

भातलावणीचं यंत्र अकरा वावरांत कोणत्या क्रमाने फिरवायचं, हे आपल्या पेठच्या शेतकरी गटाने माझ्यावर सोपवलं (मी बी.एस्सी. आहे म्हणून, वनस्पतिशास्त्रात काठावर पास झालो हेही मी बैठकीत सांगितलं होतं, ते कोणी मनावर घेतलं नाही). मी डिझेल वाचेल असा रस्ता काढला आणि सुरुवात तुझ्यापासून लांबच्या टोकाला केली. सगळ्यांचं रोप एकाच दिवशी पेरलेलं, आणि अठरा-वीस दिवसांपुढचं रोप यंत्राला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण सहा दिवसांत उरकेल असा अंदाज होता.

तिसऱ्या दिवशी सावळीरामच्या वावरात घात झाला. वळणं कमी व्हावीत म्हणून मी यंत्राला कडेकडेने आत आत जायला लावलं. लावणी सुरेख झाली आणि यंत्र बरोबर मधोमध उभं राहिलं, चहूबाजूंनी ताजं भात. बांधावरून सावळीराम म्हणाला, "ज्ञानेशभाऊ, भायेर यायची वाट कागदाच्या मागल्या अंगाला हाय का?" (मी कागद खरंच उलटून पाहिला.) लावलेलं तुडवत बाहेर काढताना यंत्र रुतलं, बिघडलं, आणि दुरुस्तीत पाच दिवस गेले. "रोप लग्नाला आलं, मशीन कवा येती?" हा तुझा निरोप आला तेव्हा रोपाचा पंचविसावा दिवस होता. काल यंत्राने तुझं रोप उचललं ते मोडूनच टाकलं. आता तुझ्या दोन एकरांत हाताने लावल्याशिवाय काही उभं राहणार नाही, आणि लावणीच्या बाया तू माझ्या भरवशावर परत पाठवल्या होत्यास. यात माझा दोष नेमका किती, हे वहीत लिहून काढतोय. तीन पानं झाली.

तुझा,
ज्ञानेश

ता. क. रविवारी मी, निकिता आणि तिची बहीण हर्षाली लावणीला येतोय. तिघांनाही लावणी येत नाही. तू बांधावर बसून शिव्या दे, पण आमच्यासाठी स्वयंपाक करू नकोस.

ता. क. २ : तुझ्या टोकापासून सुरुवात केली असती तरी अंतर तेवढंच भरत होतं. मला ते माहीत होतं. घरच्या माणसाचं आधी केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून तुला शेवटी टाकलं. तसं कोणी म्हणणारही नव्हतं.

ता. क. ३ : पुढच्या वर्षीचं नियोजनही गटाने माझ्याकडेच दिलंय. तुझी पाळी पहिली ठेवली तर भरपाई केल्यासारखं दिसेल, म्हणून तूर्त शेवटीच ठेवली आहे. हरकत असेल तर गटाला लेखी कळव. मला फोन करू नकोस.