ढगळ बूट

३ एप्रिल
पोचले एकदाची. बस अशी काही वळणं घेत चढली की जीव मेटाकुटीला आला, पण खाली उतरल्यावर गार वारा लागला आणि आमची स्वारी खूश. मुक्कामघर डोंगराच्या अगदी पायथ्याशी आहे. मालकीणबाई तोंडाने फटकळ, पण आल्या आल्या हातात गरम चहा दिला, म्हणजे बाई वाईट नाही. रोज सकाळी इथून एक गट वरच्या तळ्यावर जातो आणि अंधाराच्या आत परततो. चढण इतकी खडी की साध्या बुटांचा टिकाव लागत नाही, म्हणून बूट इथूनच देतात. ते मापाने द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे, वाळवायचे, उसवले तर शिवायचे, हे माझं काम. जन्मभर दुकानात बसून तेच केलं. आता दुकानासमोर रस्त्याऐवजी डोंगर आहे, एवढाच फरक.

हे इथेच वाटाडे होते. गेल्या वर्षी तळ्यात पडले ते सापडलेच नाहीत. लेक म्हणत होती, आई, खपली काढायला तिथे कशाला जातेस? मी म्हटलं, खपली धरायला आधी जखम सुकावी लागते. मग ती रडली आणि तिला गप्प करताना मीही रडले.

बूटखोलीत वरच्या फळीवर ह्यांचे जुने बूट तसेच आहेत. धूळ पुसली आणि परत तिथेच ठेवले.

९ एप्रिल
काम हाताला बसलं. माणूस दारातून आत आला की मला माप कळतं. आज एक शाळामास्तर त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आले होते. सकाळी बूट चढवताना सगळं त्या कुत्र्याचंच कौतुक. त्याला आमच्या अंगणात बांधून ते वर गेले.

संध्याकाळी मास्तर बूट काढायला बसले, तर नाडी घोट्याभोवती एकदा फिरवून गाठ बाहेरच्या अंगाला मारलेली. अशी गाठ मी एकाच माणसाची पाहिली आहे. मी तीस वर्षं त्या गाठीवरून कटकट केली. मास्तरांना विचारलं, हे कुणी शिकवलं? ते म्हणाले, आपोआप बसली. कुत्रं त्यांच्या अंगावर उड्या मारत होतं आणि ते आचाऱ्याला विचारत होते, की हे कुणाचं आहे.

मला हसू आलं, मग आलं नाही.

१३ एप्रिल
आज दोघी बहिणी आल्या होत्या. थोरली परतल्यावर चहात करंगळी बुडवून बघत होती, गरम आहे का. हे अगदी तसंच करायचे आणि मग बोट चोखायचे. तिनेही चोखलं. धाकटी बाहेर रडत होती. तिने थोरलीला त्यांच्या आईचा फोटो दाखवला, तर थोरली म्हणाली, ह्या बाई कोण?

मी नव्या वाटाड्याला गाठलं. तो मुलखाचा अबोल. खोदून विचारल्यावर म्हणाला, वर पोचल्यावर सगळे दमलेले असतात, बूट काढून पाण्यात पाय सोडून बसतात. तो स्वतः कधी सोडत नाही. इतक्या उंचावरचं पाणी कोमट का, हे त्याला कळत नाही म्हणून. खरंच, त्याचे एकट्याचे बूट आतून कोरडे असतात.

म्हणजे हे तिथे आहेत. लोकांच्या पायांनी थोडे थोडे खाली येतायत. आणि ज्याच्या पायाने येतात, त्याचं काहीतरी वर राहतं.

हे मालकीणबाईंना सांगायला हवं. उद्या सांगते.

१८ एप्रिल
सांगितलं नाही.

आज एका पोरसवदा मुलीने तोंड उघडायच्या आधी दोनदा घसा खाकरला, अगदी ह्यांच्यासारखा. मी तिच्यासमोर मुद्दाम बसून राहिले, काहीबाही विचारत, परत ऐकायला मिळावं म्हणून. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

२२ एप्रिल
आज सगळ्यांना एक माप मोठे बूट दिले. बूट ढगळ झाला की टाच सोलते, आणि टाच सोलली की माणूस पाणी शोधतो. हे मला कुणी शिकवायला नको.

मालकीणबाई म्हणाल्या, इथून परतलेल्या लोकांच्या घरून फोन येतायत, माणसं घरच्यांना ओळखेनाशी झाली आहेत. विरळ हवेने होत असेल, असं मी म्हटलं. माझ्या तोंडून किती सहज गेलं.

२८ एप्रिल
माझी लेक, चिमणी, आली. न कळवता. नर्सच्या नोकरीत सुट्टी मिळत नाही, तरी भांडून घेऊन आली. मला घरी न्यायला. म्हणते, एकदा बाबा गेले ती जागा बघते, मग आपण दोघी जाऊ. ती पाच मिनिटांत आचाऱ्याची मैत्रीण झाली. तिची खोड अजून तशीच आहे. विनोद संपायच्या आत स्वतःच हसत सुटते आणि शेवट कुणालाच कळत नाही. मग ऐकणारे तिच्या हसण्यालाच हसतात.

मी म्हटलं, जाऊ नकोस. का, ते सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर इथलं सगळं थांबलं असतं.

२९ एप्रिल, सकाळ
तिने वरच्या फळीवरचे बूट बघितले. बाबांचेच घालणार म्हणाली. तिच्या मापाचे बूट खाली रांगेत होते, मीच काल निवडून ठेवलेले. तरी मी ह्यांचे काढले, चवड्यात कापूस कोंबला आणि नाड्या आवळून दिल्या. बूट काढू नकोस, काही झालं तरी काढू नकोस, असं तीनदा बजावलं. ती म्हणाली, ह्या बुटात तर दोन चिमण्या संसार थाटतील, आणि एक चिमणी दुसरीला म्हणेल — आणि लागली हसायला.

कापसाने काही होत नाही. मला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं —

संध्याकाळ
आली. मोजे ओले. टाचा सोललेल्या. गाठ बाहेरच्या अंगाला.

चहात करंगळी बुडवली. दोनदा खाकरली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, काय सरकार, वाळलात की.

मला सरकार म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मग इकडेतिकडे बघत विचारलं, चिमणी कुठाय? ती नाही आली?

३० एप्रिल
ती पायरीवर बसून आहे. थोड्या थोड्या वेळाने विचारते, पोरगी अजून कशी आली नाही. येईल, म्हणते मी. किती वेळा म्हणू.

मी हेच मागत होते. थोडं थोडं करून हेच —

तिला म्हटलं, मला आई म्हण. हसली नाही. मला म्हणाली, दमलात तुम्ही, जरा पडा.

१ मे
गटाबरोबर वर आले. तिला मालकीणबाईंपाशी ठेवलंय. जे वर राहतं ते दुसऱ्याच्या पायाने खाली येतं. ह्यांचं आलं, मग तिचंही येईल. तिचं तिला परत देता येईल की नाही, ठाऊक नाही. पण इथे एकटी नको राहायला, पोर आहे माझी.

पाणी खरंच कोमट आहे. पाय सोडले.

वाटाड्या ओरडतोय, पाय काढा म्हणून. त्याला गंमत सांगणार आहे. एका बुटात दोन चिमण्या, आणि एक दुसरीला — मला आत्ताच हसू फुटलं, अजून सांगितलीसुद्धा नाही. आली. आली माझी —

असं अर्ध्यातच हसायचं, आमच्याकडे कोण होतं बरं? अगदी ओठांवर आहे. मी तिची वेणी घालायची, आणि ती — कुणाची वेणी —

खाली कुणीतरी माझी वाट बघतंय. जायला हवं. तिला