फणेरपेटीची गिटार

२ नोव्हेंबर, रविवार
मुलुंडच्या नागरी जीवनाची अधोगती किती खोल गेली आहे याचा आज पुरावा मिळाला. पूर्व-पश्चिम मिळून अकरा पानवाले पालथे घातले, सिगारची एक रिकामी पेटी मिळाली नाही. एवढी लाखांची वस्ती, टॉवरला टॉवर लागलेत, आणि सिगार ओढणारा एक माणूस नाही! स्टेशनसमोरच्या पानवाल्याने सिगारेटचं चुरगळलेलं पाकीट पुढे केलं. म्हणे, "साहब, इसमें छोटा वाला बना लो." कलेची अशी टिंगल होते. नोंद करून ठेवतो.

विषय असा: सिगार-बॉक्स गिटार. रिकाम्या पेटीला दांडा ठोकायचा, तीन तारा ताणायच्या, वाजवायचं. यूट्यूबवरचा दाढीवाला म्हणतो, नवशिक्याला याहून सोपं वाद्य नाही. एका बोटाने अख्खी कॉर्ड वाजते. मला दहा बोटं आहेत.

आता हे का, तर भाऊबीजेला मेहुणा केतन जेवायला होता, त्याच्यासमोर सुलक्षणा म्हणाली, "पंचवीस वर्षांत ह्यांनी स्वतःच्या हाताने एक वस्तू केली असेल तर दाखव मला. चहासुद्धा नाही." केतन हसला. अपूर्वाही हसली, पोटची मुलगी असून. १२ डिसेंबरला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी स्वतः केलेल्या गिटारवर स्वतः वाजवणार. चाळीस दिवस आहेत. निम्मे पुरतील.

४ नोव्हेंबर, मंगळवार
सुटला प्रश्न! कॅज्युअल टाकून माळा उपसला. जुन्या साडीत गुंडाळलेली शिसवी पेटी सापडली. झाकणाला आतून आरसा, खाली कुंकवाचे खण, एक लाकडी फणी. कोकणात बायकांकडे असायची तसली फणेरपेटी. सासूबाईंची, म्हणजे सुंदराबाईंची असावी. त्या जाऊन चार वर्षं झाली. म्हणजे पेटी सध्या कोणाचीच नाही.

वाजवायचं काय तेही ठरलं. सुलक्षणाच्या केसांना तेल लावताना सासूबाई एक चाल गुणगुणायच्या. शब्द नाहीत, नुसती चाल. वीस वर्षं ऐकली आहे, तोंडपाठ आहे. सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी येणार हे नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार
सुलक्षणा दिवसभर ऑफिसच्या ट्रेनिंगला. अपूर्वा मैत्रिणीकडे. संधी साधली.

झाकणाला गोल भोक पाडलं. निघालेली चकती फेकली नाही, चहाचा कप ठेवायला झकास आहे. जुन्या पलंगाच्या सागवानी पट्टीचा दांडा केला. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज काही केल्या जमेना, मग फणी आडवी कापली. अगदी मापात बसली. आरशामुळे आवाज अडतो, तो भोक पाडायच्या आधीच काढला होता, बाथरूममध्ये दाढीसाठी लावला. वस्तू वाया घालवायची नाही हे माझं तत्त्व आहे. खणातला लाल रंग दीड तास सँडपेपरने घासला तरी जाईना. पूर्वीच्या लोकांना फिनिशिंगची अक्कल नव्हती.

अंगठा कापला. कलेला रक्त लागतंच.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी ११
सरप्राइज फुटलं. सुलक्षणा बाथरूममधून बाहेर आली ती ओल्या हातानेच. विचारलं, "हा आरसा कुठला?" आता लपवण्यात अर्थ नव्हता, गिटार दाखवली. तिने भोकात बोट घातलं. फणीवरून हात फिरवला. भारावली असावी.

मग बॅग भरली. "पार्ल्याला जाते, केतनकडे." किती दिवस ते सांगितलं नाही. केतनच्या बायकोचा गुडघा दुखतो, त्यासाठी असेल.

अपूर्वा म्हणाली, "बाबा, तुला खरंच कळत नाहीये की नाटक करतोयस?" म्हटलं, काय कळायचंय? तिने कानात इअरबड्स घातले.

११ नोव्हेंबर
आजपासून शिस्त. सकाळी साडेसहा ते साडेसात रियाज. तारा सा-प-सा अशा लावायच्या. पहिला सा लागला. प लावेपर्यंत पहिला सा उतरला. तो चढवला तर प रुसला. साडेसात वाजले.

१५ नोव्हेंबर
तिसरी तार तुटून नाकाला लागली. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी सर्वेशचा मेसेज: "तिसऱ्या मजल्यावर कोणाचा मिक्सर बिघडलाय का? कृपया दुरुस्त करून घ्यावा." मी अंगठा वर केला. म्हणजे संशय माझ्यावर येणार नाही.

१६ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरचे अंबादासभाऊ खरात वर आले. रेल्वेच्या वर्कशॉपातून सुतार म्हणून रिटायर झालेत, शिवाय जयंतीला गाण्याच्या पार्टीत ढोलकी वाजवतात. म्हणजे संगीतातला माणूस. मला वाटलं, दाद द्यायला आले. म्हणाले, "नंदकिशोर, मांजर अडकलंय का रे कुठं?"

मग त्यांचं लक्ष गिटारकडे गेलं. उलटीसुलटी करून पाहिली. "फणेरपेटी ही. कुणाची?" म्हटलं, जुनी आहे. ते म्हणाले, "जुनी ते दिसतंय. कुणाची विचारलं." म्हटलं, चहा घेणार? नको म्हणाले. मलाही करता येत नाहीच.

दारातून वळून म्हणाले, "माझ्या आईच्या चष्म्याची पत्र्याची डबी आहे माझ्याकडे. ती कुणी कापली असती ना, तर त्याला मी कापला असता." सुतार लोक जरा टोकाचं बोलतात.

२० नोव्हेंबर
सुलक्षणाला रियाजाचं रेकॉर्डिंग पाठवलं. दोन निळ्या रेघा. म्हणजे ऐकलं. उत्तर नाही, म्हणजे शब्द सुचत नसणार.

२१ नोव्हेंबर
आणखी चार पाठवली.

२५ नोव्हेंबर
तीन दिवस झाले, प्रत्येक मेसेजला एकच करडी रेघ. फोनही लागत नाही. पार्ल्यासारख्या ठिकाणी नेटवर्क नसावं ही शरमेची गोष्ट आहे. कंपनीला तक्रार केली. तिथल्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि फार हळुवारपणे विचारलं, "सर, त्यांनी तुम्हाला ब्लॉक केलंय का?" कस्टमर केअरचा दर्जाही घसरला आहे.

३० नोव्हेंबर
आमटीला वरून फोडणी द्यायची असते हे आज कळलं. अपूर्वा म्हणाली, आई सोमवारी ऑफिसजवळ पीजी बघायला गेली होती. कोणासाठी, असं विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गिटार उचलली.

चालीचे सहा सूर बसले. पुढचे ऐकले की ओळखेन, पण आठवत नाहीत. बारा दिवस आहेत. रोज एक सूर धरला तरी उरतात.

७ डिसेंबर
पाचच सूर राहिले. एक कुठे गेला कळत नाही. बोटांना फोड. दाढीवाला म्हणतो, फोड हे प्रगतीचं लक्षण. दाढीवाल्याची बायको घरी असावी.

आज दाढी करताना त्या आरशात पाहिलं. सासूबाई याच आरशात बघून कुंकू लावायच्या. दाढी अर्धवट सोडली. ऑफिसात कोणी काही म्हणालं नाही.

११ डिसेंबर
उद्या. पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. ती ऐकेल आणि बॅग उचलेल. दुसरं काही होऊ शकत नाही. दुसरं काही झालं तर काय करायचं ते मला माहीत नाही, त्यामुळे ते होणार नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार
केतनने दार उघडलं. "भावजी, हे काय?" मी म्हटलं, कार्यक्रम. सोफ्यावर सुलक्षणा, केतनची बायको, मधे टीपॉय. अपूर्वा आधीच येऊन बसली होती, मान खाली.

सुरुवात केली. पाच सूर लागले. सहावा शोधायला जरा जोरात छेडलं, तर पेटी थरथरली आणि भोकातून लाल भुकटी सांडली. केतनच्या पांढऱ्या लादीवर. दीड तास सँडपेपर मारून जे निघालं नव्हतं, ते पाच सुरांत निघालं.

सुलक्षणा उठली, खाली बसली, बोटाच्या टोकावर ती भुकटी घेतली. "आईचं आहे," म्हणाली. केतन खिडकीकडे गेला.

मी म्हटलं, अजून वाजवतो, सासूबाईंचीच चाल आहे. तर ती शांतपणे म्हणाली, "ती चाल तुम्हाला येते असं वाटलं तुम्हाला? आई गुणगुणायला लागली की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचात."



गिटार घेऊन परत आलो. रिक्षावाल्याने विचारलं, "साब, बजाते हो?" नाही म्हटलं.

१३ डिसेंबर
काही नाही.

१४ डिसेंबर, रविवार
अंबादासभाऊंकडे गेलो. म्हटलं, याची परत पेटी करायची आहे. घ्याल ते घ्या, पण करून द्या. त्यांनी सरस, कानस आणि बारीक करवत काढून माझ्यासमोर ठेवली. "मी बघतो. हात तुझे." म्हटलं, मला जमत नाही. "भोक पाडायला जमलं की." मग बायकोला हाक मारून म्हणाले, "वनमाला, दोन चहा. ह्याला बिनसाखरेचा दे, शिक्षा आहे."

तारा काढल्या. दांडा उपटला. चकती भोकात बसवली. चिकटली, पण तिच्यावर माझ्या कपाचा गोल डाग आहे. घासू का, विचारलं. अंबादासभाऊ म्हणाले, "आता काही घासू नको."

१७ डिसेंबर
फणी. अर्धी कापलेली, ती जुळत नाही. नवी विकत आणतो म्हटलं. अंबादासभाऊंनी करवत पुढे केली. मग गिटारच्या दांड्यातून तुकडा कापला आणि दात पाडायला बसलो.

२० डिसेंबर
अकरा दात पाडले. सहा तुटले. पाच राहिले. एक जरा वाकडा. अंबादासभाऊ म्हणाले, "लाकूड रेषेतून फुटतंय, नेट लावू नको."

२१ डिसेंबर, रविवार
आरसा बाथरूममधून काढून झाकणात बसवला. आतला लाल रंग आहे तसा ठेवला. जुन्या फणीचे दोन तुकडे एका खणात, नवी दुसऱ्या खणात. साडीत गुंडाळून केतनच्या दाराशी ठेवली. बेल दाबली आणि ते दार उघडायच्या आत दोन मजले उतरलो. या वयात हे बरं दिसत नाही.

पंचवीस वर्षांत स्वतःच्या हाताने केलेली वस्तू: फणी, एक. दात पाच.

२४ डिसेंबर, बुधवार
अपूर्वा पार्ल्याहून आली. आईने फणी केसांतून फिरवून पाहिली म्हणे. वाकडा दात तुटला. आता चार. विचारलं, हसली का? "नाही." चप्पल काढून आत जाता जाता म्हणाली, "पण टाकली नाही."

मग निरोप सांगितला, जसाच्या तसा: "ह्यांना सांग, आरशाला ह्यांच्या दाढीचा साबण लागलाय. तो मी पुसणार नाही."

२५ डिसेंबर, गुरुवार
सुट्टी. पार्ल्याला गेलो. या वेळी बेल दाबून उभा राहिलो. सोबत सुती फडकं. बाकी काही नाही.

सुलक्षणाने पेटी पुढे केली आणि पेपर वाचायला घेतला. साबण पुसला. कडेच्या फटीतला काडीने काढला. अर्धा तास लागला.

मग आत जाऊन चहा केला. साखर राहिली.

कप तिच्यासमोर ठेवला. पहिला घोट घेऊन तिने भुवई वर केली. पेपर खाली केला नाही. कप मात्र रिकामा झाला. तो उचलला, धुतला, पालथा घातला.