सगुणेचा रातवा

नाशिक, ४ मार्च १९३४

चि. वाळूस भिमाजीकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पार दक्षिण अमेरिकेतल्या संग्रहालयात बसून तू रातवा पाखरांच्या जाती लावतोस, हे फुलबाजारात सांगितलं की लोक विचारायचे, याचा पगार कोण देतं! आता तोंडं बंद झाली. पंखावर पांढरा पट्टा असलेला रातवा जुना, बिनपट्ट्याचा कदाचित नवा, आणि तसं ठरलं तर त्याला आईचं, सगुणेचं नाव देणार, असं तू लिहिलंस. मी ते लगेच इथल्या साप्ताहिकात छापून आणलं, तू कळवलेल्या लॅटिन नावासकट. पेढे वाटले. एक प्रत तुझ्या साहेबालाही धाडली. वहिनी आज असत्या तर डोळ्यांना पदर लावला असता. तुझी काकू म्हणते, रात्रीच्या पाखराला माणसाचं नाव नको. तिचं ऐकू नकोस. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

जॉर्जटाऊन, २४ एप्रिल १९३४

ती. काकांस वाळूचा सा. न. वि. वि.

काका, हे काय केलंत! मी कदाचित लिहिलं होतं. नाव आणि वर्णन एकदा छापलं की आमच्या शास्त्रात ते सहजी पुसता येत नाही. साहेबाला मराठी येत नाही, पण लॅटिन नाव ओळखून तो भडकला. म्हणाला, संग्रहालयाचं हसं केलंस. पारध्याने पाठवलेल्या कातड्यांवर नर-मादीची खूण नाही, म्हणून टेबलाशी बसून निकाल लागत नाही. रानात जाऊन दोन्ही जिवंत पाहायचे, नाहीतर नोकरी सोडायची, असं त्याने बजावलंय. पाऊस तोंडावर आहे, नदी चढेल, गेल्या खेपेचा हिवताप अजून अंगात आहे. उद्या निघतो. महिन्याभरात परतेन. काकूंना तापाचं कळू देऊ नये. आशीर्वादाचा हात डोक्यावर असावा.

नाशिक, ९ जून १९३४

चि. वाळूस अ. आ.

तुझं पत्र हातात पडताच तार केली, जाऊ नकोस म्हणून. संग्रहालयाची उलट तार आली, नदीने वर गेला, परतला नाही. महिना कधीच उलटला रे. हे पत्र कोण फोडेल ठाऊक नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

काकूला मी बोललो नाही. तिने माझ्या ताटातल्या उरलेल्या भाकरीवरून ओळखलं. बाजारात पाठीमागे बोलतात ते मला समोरच्यापेक्षा नीट ऐकू येतं. भिमाजीची गुलाबाची कलमं खरी, पाखरं खोटी, असं चाललंय. चालू दे. डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन या पेठेत आलेला माणूस मी, हसण्याने मरत नाही. नोकरी जाऊ दे, नाव जाऊ दे. तू ये. काकावर खरा लोभ असेल तर एक ओळ टाक.

जॉर्जटाऊन, २ जुलै १९३४

ती. काकांस सा. न. वि. वि.

अंगात अजून जोर नाही, म्हणून अक्षर वाकडं. होडी उलटली, तापाने नदीकाठच्या एका वस्तीत पडून होतो. आता बरा आहे.

बिनपट्ट्याचा रातवा उघड्या मातीवर दोन अंड्यांवर बसलेला सापडला. वाळक्या पानांत इतका मिसळलेला, की पायाखालीच यायचा. दिवेलागणीला पांढऱ्या पट्ट्याचा उतरला. ती उठली, आणि तो त्याच अंड्यांवर बसला. नवराबायको, काका! जात एकच, नाव शंभर वर्षांपूर्वीच ठेवलेलं.

पाहायला माझ्याखेरीज कोणी नव्हतं. दोन जाती आहेत म्हणालो असतो तर साहेब खूश, आईचं नावही राहिलं असतं. परतीची सगळी वाट हेच मनात घोळलं. साहेबासमोर मात्र खरं तेच तोंडून निघालं. नोकरी राहिली. पण आईचं नाव मी माझ्या हाताने खोडलं. तुम्हाला तोंड कसं दाखवू? तरी माया पातळ होऊ देऊ नये.

नाशिक, २० ऑगस्ट १९३४

चि. वाळूस अ. आ.

तुझं अक्षर पाहताच काकूने पाकीट न फोडताच देवापुढे ठेवलं. मला वाचायला मिळेपर्यंत जीव गेला! साप्ताहिकात दुरुस्ती मी माझ्या सहीने दिली. बाजारात विचारतात, पुतण्याचं नवं पाखरू कुठे गेलं? मी सांगतो, तिचं लग्न झालेलं निघालं, सासरच्या नावाने ओळखतात.

आणि तोंड दाखवायचं म्हणतोस, तर ऐक. तुझ्या आईचं माहेरचं नाव बया. सगुणा हे नाव लग्नात आमच्या घराने ठेवलं. सुरुवातीला कुणी सगुणा म्हणून हाक मारली, की वहिनी मागे वळून बघायच्या, दुसरं कोण आलंय म्हणून. बया खोडलं तेव्हा त्या पुसल्या गेल्या नाहीत. आता कशा जातील?

ताप उतरला की लगेच निघ. भेटीत लोभ दिसेलच.

तुझा,
भिमाजीकाका