पाठकोरा कागद

दि. ३ सप्टेंबर

चि. ढब्बू यास,
आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही दोघे ठीक, तुझे तू कळवशील तेव्हा खरे. हा कागद उलटून बघितलास तर पाणीपुरवठ्याची नोटीस दिसेल. घाबरू नकोस, ती मागच्या महिन्याची आहे. पाठकोरा कागद टाकून द्यायला माझा हात धजत नाही, आणि त्यावरून तू कितीही चिडवलेस तरी या वयात आता सुधारणा नाही.

मुख्य संघातला एक बचावपटू जायबंदी झाला, त्याच्या जागी अकादमीतल्या एका मुलाला घेणार, हे तू रविवारी फोनवर सांगितलेस. त्याला तीन दिवस झाले नाहीत तोवर तुझ्या बाबांनी ते वर्कशॉपभर केले. काल त्यांच्या रिकाम्या डब्यात कोणीतरी चिठ्ठी टाकली होती, की पहिल्या सामन्याला आमच्यासाठी दोन जागा धरून ठेवा. मी म्हटले, अजून कशात काही नाही. तर म्हणाले, तुला कायमचा नन्नाचा पाढा.

एक विचारायचे होते. फोनवर तू बाबांच्या गुडघ्याची चौकशी केलीस, मी सांगितले, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तीच चौकशी केलीस. रेक्टर समोर बसलेले, मागे मुलांची रांग, दहा मिनिटांत माणूस गडबडतो हे खरे. पण बाबांच्या गुडघ्याची एवढी काळजी करणारा तू नव्हेस. काय ते कळव.

दूध घेत जा. देवापुढे रोज तुझे नाव घेते. माया इथे भरपूर आहे, तुझ्याकडची थोडी पोस्टाने येऊ दे.

तुझी
आई


दि. ८ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नोटीस पोचली. खोलीतल्या पोराने ती उलटी बाजू जेवणघरात मोठ्याने वाचून दाखवली, आणि निम्म्या वसतिगृहाने गुरुवारसाठी बादल्या भरून ठेवल्या. रेक्टरने आम्हा दोघांना व्हरांडा पुसायला लावला. तुझ्या काटकसरीचा महिमा.

हा पोरगा म्हणजे घड्याळ. गजराच्या आधी पाच मिनिटं उठतो म्हणून नाव पडलं. तो माझ्याच जागेवर खेळतो. सत्तावीस तारखेला कोच आमच्या दोघांपैकी एकाला वर नेणार. दोन खाटांमध्ये एक स्टूल कसंबसं मावतं, त्याच्या अर्ध्या भागावर त्याची मलमं, अर्ध्यावर माझी. आम्ही एकमेकांना शुभेच्छा देतो आणि एकमेकांच्या खोकल्याकडे कान लावून असतो. वाईट नाही गं तो. अगदी माझ्यासारखा आहे, तीच तर अडचण आहे.

आता गुडघ्याचं. तू पकडलंस, तर सांगतो. तीस तारखेच्या सराव सामन्यात कॉर्नरवर उडी मारली आणि डोकं गोलच्या खांबावर आपटलं. पुढचं थोडा वेळ काहीच आठवत नाही. मी लगेच उठलो म्हणे, आणि कोच सगळ्यांदेखत म्हणाले की बचावपटू असा हवा. त्यांच्या तोंडून तीन वर्षांत पहिल्यांदा कौतुक ऐकलं, तेही अर्धवटच ऐकू आलं. तेव्हापासून डोकं दुखतं, उजेड सोसत नाही, वाचताना अक्षरं हलतात. डॉक्टरांना सांगितलं की ते आधी घरी बसवणार, मग तपासणार. तोवर घड्याळ वर जाईल. मी पुढच्या महिन्यात अठराचा होईन, आणि अठरानंतर अकादमीत ठेवत नाहीत. हे दार एकदाच उघडतं.

म्हणून तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. बाबांना, डॉक्टरांना, कोणालाही सांगायचं नाही. सत्तावीसपर्यंत, बस.

रागवायचं असेल तर पत्रातच रागव, फोनवर सगळे ऐकतात. माया आटू देऊ नकोस.

तुझा
ढब्बू


दि. १२ सप्टेंबर

चि. ढब्बू यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. शपथ कशाची घालावी याला काही सुमार असतो. दुसऱ्या कशाचीही घातली असतीस तर मी देवाची क्षमा मागून मोकळी झाले असते. तू गळ्याची घातलीस. आता बोलले तर तुझ्या गळ्यावर, आणि गप्प बसले तर तुझ्या डोक्यावर. गळा आणि डोके यांच्यामध्ये आईने बसायचे तरी कुठे?

तीस तारखेपासून मोजले. आज चौदा दिवस झाले. माझ्या रोजच्या वहीत एका कोपऱ्यात रोज एक टिंब देते आहे. बाबांनी विचारले हे काय, तर सांगितले, दुधाचे खाडे. लग्नाला बावीस वर्षे झाली, इतके सरळ खोटे मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

ते तर हवेत आहेत. तुझा लहानपणचा फोटो वर्कशॉपात नेऊन यंत्राशेजारी चिकटवला आहे. जेवताना सांगतात की आपण ज्या दारातून परत फिरलो त्या दारातून ढब्बू आत जाणार. त्यांच्या तरुणपणी निवडीच्या दिवशी त्यांना ताप होता, ही गोष्ट तू शंभरदा ऐकली आहेस. मी मान हलवते आणि वाढत राहते.

काल अकादमीचा फॉर्म आला. बाबांनी न वाचता सही ठोकली आणि बाकीचे भरायला माझ्याकडे सरकवला, कारण घरात मॅट्रिक मीच. प्रश्न सातवा असा: गेल्या तीन महिन्यांत मुलाच्या डोक्यास मार, चक्कर, नजरेचा त्रास झाला आहे काय? हो किंवा नाही. वर बाबांची सही आणि खाली मी काय लिहू? तुझ्या लहानपणी आपण खेळात शपथ सोडवायला सुटली म्हणायचो, आठवते? तसे एकदाच लिही. एवढा एकच शब्द पाठव, बाकी पत्र कोरे असले तरी चालेल.

रागावलेली नाही. रागवायला जागाच उरलेली नाही. तुझ्या मायेची वाट पाहणारी,

आई


दि. १७ सप्टेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहितो, फार वेळ कागदाकडे बघवत नाही. प्रश्न सातला नाही लिही. सगळ्यांच्या आया नाहीच लिहितात. डोक्याचं कळलं तर माझं सगळं संपलं. दहाच दिवस राहिलेत.

काल सरावात माझ्याकडे दोन चेंडू आले. मी डावा निवडला, खरा उजवा होता. सगळे हसले, मीही हसलो. घड्याळ एकटा हसला नाही. खोलीत आल्यावर त्याने पडदा ओढला आणि माझ्याकडे पाठ करून झोपला. त्याला कळलंय असं वाटतं. त्याने सांगितलं तर ते जागेसाठी सांगितलं असं होईल, म्हणून तोही अडकलाय. इथे सगळेच अडकलेत, आई, मला एकट्याला सोडवून काय करशील?

सुटली म्हणणार नाही. लोभ ठेव आणि फॉर्म लवकर पाठव.

ढब्बू


दि. २० सप्टेंबर

मा. डॉक्टरसाहेब, अकादमी कार्यालय, यांस
सा. न.

आपला फॉर्म भरून सोबत पाठवत आहे. वडिलांनी सही केलेली आहे. प्रश्न सातवा तेवढा रिकामा ठेवला आहे, कारण त्याचे उत्तर माझ्याने लिहवत नाही. मुलगा आपल्या हाती सोपवलेला आहे. कागद पाठकोरा वापरला आहे, सवयीचा दोष, क्षमा असावी.

आपली
एक पालक


दि. २५ सप्टेंबर

ती. आईस,
नमस्कार.

सोमवारी डॉक्टरांनी बोलावलं. टेबलावर फॉर्म होता, शेजारी तुझी चिठ्ठी. त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि माझ्यापुढे सरकवली. माझंच पत्र, सतरा तारखेचं. माझ्याच अक्षरात, ओळी खाली घसरत गेलेल्या. ते म्हणाले, हे तुझं आहे का. मी हो म्हटलं.

त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेऊन फोटो काढले. मेंदूला मार आहे. निदान सहा आठवडे अंधाऱ्या खोलीत, आणि चेंडू डोक्याने मारायचा की नाही हे पुढच्या वर्षी ठरवतील. अकादमी पुढच्या महिन्यात सोडायची आहे हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले की ते त्यांच्या हातात नाही. कोच भेटायला आले नाहीत.

सत्तावीसचीसुद्धा वाट बघितली नाही, काल घड्याळाला वर नेलं. जाताना त्याने स्टूल माझ्या खाटेच्या बाजूला सरकवलं आणि स्वतःची मलमं तिथेच ठेवली. मी डोळे मिटून पडलो होतो. तो बराच वेळ उभा होता.

घरात कोऱ्या कागदाचा एक ताव नव्हता का? एक कागद वाचवायला गेलीस आणि माझी तीन वर्षं घालवलीस. आता मुलं तुझी चिठ्ठी एकमेकांना सांगून हसतात. मला एवढंच कळव, की तुला लक्षात आलं नाही. तेवढं कळव, म्हणजे मला तुझा राग करावा लागणार नाही.


दि. २९ सप्टेंबर

चि. ढब्बू यास,
आशीर्वाद.

हा कागद नवा आहे. मागची बाजू मुद्दाम कोरी सोडली आहे.

लक्षात आले नाही असे लिहिले तर तू माफ करशील, बाबाही करतील. त्यांना मी सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातून तुझा फोटो काढून आणला आणि माझ्या वहीत ठेवला, बरोबर त्या टिंबांच्या पानावर. म्हणजे दुधाचे खाडे त्यांना आधीच समजले होते की काय, कोण जाणे. त्या तापाची गोष्ट मात्र त्यांनी तेव्हापासून काढलेली नाही.

तर खरे लिहिते. दुपारची वेळ होती, मी घरात एकटी. टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, आणि तुझे पत्र मी त्या गठ्ठ्यात ठेवलेले नव्हते. तुझी पत्रे मी त्यात कधीच ठेवत नाही, ती देवाच्या फोटोमागे असतात. तिथून ते काढले. तू एकाच बाजूला लिहिले होतेस. चिठ्ठी लिहिताना कागद उलटून पाहिला नाही, पण दुसऱ्या बाजूला काय आहे ते मला पाठ होते. पाकीट चिकटवले, उघडले, पुन्हा चिकटवले. पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहून देवाला म्हटले, मी कोणाशी एक शब्द बोललेली नाही, आणि तरी शपथ मोडलीच असेल तर ती माझ्या गळ्यावर घे, त्याच्या नको. मग पाकीट सोडले. आत पडल्याचा आवाज आला तेव्हा वाटले, हात घालून परत काढावे.

सवयीचा दोष असे डॉक्टरांना लिहिले ते खोटे. ते आणि दुधाचे खाडे, अशी दोन खोटी माझ्या नावावर आहेत. तुझी तीन वर्षे गेली हे मला मान्य आहे. ती मी कुठून भरून देऊ हे सुचत नाही.

रोज तुझ्या गळ्याची काळजी वाटते. काही दुखत असेल तर लगेच सांग, मग शपथ असो की नसो. माया ठेव असे म्हणायचा हक्क नाही, तरी म्हणते.

आई


दि. ६ ऑक्टोबर

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझंच पत्र तुला परत पाठवतोय, मागे लिहून. माझ्याजवळ राहिलं असतं तर मी ते एक तर फाडलं असतं किंवा रोज वाचलं असतं, आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली आहे. लिहायला दहा मिनिटं दिलीत. फोनसारखी.

पडदे बंद असतात. बाहेर सराव चालतो तेव्हा चेंडूचे आवाज येतात, मी मोजतो. डोक्यावर बसलेला चेंडू वेगळा वाजतो, आता कळतं. काल घड्याळ आला होता, मुख्य संघाचा शर्ट घालून नाही, साधाच. म्हणाला की मी त्या दिवशी दोन चेंडूंतला डावा निवडला तेव्हाच तो डॉक्टरांच्या दारापर्यंत गेला होता, आणि दारातून परत फिरला. हे सांगायला बसने आला.

राग गेलेला नाही. कधी जाईल माहीत नाही. महिनाअखेर सामान आवरून घरी येईन. तिथे बाबा आणि मी एका टेबलाशी बसून काय बोलणार आहोत याचीच भीती वाटते. त्यांना सांग, गुडघ्याची चौकशी मी रोज दोनदा करणार आहे.

गळा दुखत नाही. बघून घेतला.

सुटली.

तुझा
ढब्बू