खोट्या जहाजांची यादी

६ नोव्हेंबर, नवापूर

पोचलो एकदाचा! बोईसर स्टेशनावरून रिक्षाने येताना कारखान्यांचा वास संपला आणि सुक्या बोंबलांचा सुरू झाला, तेव्हाच ओळखलं, आलं मुक्कामाचं गाव. मी परभणीचा माणूस. चार वर्षं समुद्रावरची जहाजं मोजतोय, पण खरा समुद्र आज पहिल्यांदा पाहिला. आमच्या येलदरी धरणापेक्षा मोठा आहे, एवढं कबूल.

घर काशीबाईंचं. खाली त्या, त्यांचे यजमान कमलाकांत आणि सून हेमाली. वर गच्चीलगतची खोली माझी. काशीबाईंनी विचारलं, तुमी नेमकं करता काय? सांगितलं, की प्रत्येक जहाज रेडिओवरून आपला नंबर, जागा, वेग सांगत असतं आणि ते कोणालाही ऐकता येतं, त्यात चोरी काही नाही. मी ते ऐकतो, उपग्रहाचे फुकट मिळणारे फोटो जोडतो, आणि कुठलं परदेशी जहाज आपल्या हद्दीजवळ उगाच घुटमळतंय ते पुण्याच्या ऑफिसला कळवतो. या पट्ट्यातलं नीट ऐकू येत नाही, म्हणून इथे स्वतःचा अँटेना लावायचा. त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमी पन वाट बघत बसनार. बसा, आमाला सवय हाय."

जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण. दोनदा भात घेतला.

८ नोव्हेंबर

अँटेना उभा राहिला. पहिल्याच दिवशी एकशे नव्वद जहाजं! आणि माझी गाळणी झकास चालतेय. तिच्याबद्दल लिहूनच ठेवतो. स्वतःचं कौतुक स्वतःच्या वहीत नाही करायचं तर कुठे करायचं?

भानगड अशी आहे. जाळं हरवू नये म्हणून मच्छीमार त्याला एक स्वस्तातलं यंत्र बांधतात. यंत्र बाटलीएवढं, पण बाहेरच्या देशात बनलेलं, आत नंबरही तिथलाच. त्यामुळे स्क्रीनवर ते चक्क परदेशी जहाज म्हणून दिसतं. अशी शेकडो खोटी जहाजं. ती वेगळी काढणारी गाळणी, म्हणजे प्रोग्राम, मी लिहिला. शंका असेल तेवढी माझ्यासमोर येतात, मी 'खोटं' हे बटण दाबतो, आणि ती सगळ्यांच्या नकाशावरून जातात. साहेबांनी भर मीटिंगमध्ये पाठ थोपटली होती. नावाचा रकाना तर मी मिटूनच ठेवतो, स्क्रीनवर गर्दी कशाला? नंबर आणि वेग बघितला की दोन सेकंदांत निकाल.

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी असंच एक आलं. शेवटचे आकडे ४४१७, इथून एकोणीस मैलांवर, प्रवाहाबरोबर वाहणारं. दाबलं बटण.

११ नोव्हेंबर

४४१७ रोज परत येतंय. चार दहालाच. एकदा काढलेलं परत येत नाही, तशी सोयच नाही प्रोग्राममध्ये! आज चौदा मैलांवर होतं. सकाळपासून कोड तपासतोय, चूक सापडत नाही. डोकं उठलं.

खाली उतरलो तर काशीबाई बांबूवरचे बोंबील उलटे करत होत्या. त्याच आवाजात, हात न थांबवता त्यांनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांचा कमलेश तीन खलाशी घेऊन बोटीवर गेला. इंजिन बंद पडल्याचा शेवटचा फोन आला. मग काही नाही. खूप शोधलं, पण फळकूटसुद्धा मिळालं नाही. कमलाकांत संध्याकाळभर पश्चिमेकडे तोंड करून बसतात ते का, हे आता कळलं. उगाच त्यांची चेष्टा केली होती मी परवा. वाईट वाटलं.

१३ नोव्हेंबर

हेमाली झाडायला रोज वर येते, आज पहिल्यांदाच बोलली. दारातच उभी राहिली. म्हणाली, मानूस परत येनार नाय हे मला ठाऊक हाय, पन तो कुठल्या दिवशी गेला ते सांगा. गावातले म्हणतात, कुठल्याही अमावास्येला त्याच्या नावाने पान वाढ. ती ऐकत नाही. "वाढीन तं त्याच्याच दिवशी वाढीन. दुसऱ्याच्या दिवशी तो कसा येल जेवायला?"

पदराखालून तिने एक खोकं काढलं. कमलेशच्या जाळ्यावर जे यंत्र होतं त्याचं. जुनं काही सापडतं का तुमच्या मशीनमध्ये, असं विचारलं. खोक्यावर चिकटवलेला नंबर मी वाचला. शेवटचे आकडे ४४१७.

बघतो म्हणालो. चहा तसाच राहिला.

१४ नोव्हेंबर

काढून टाकलेली जहाजंही आमच्याकडे साठवलेली असतात. दोन वर्षांपूर्वीची यादी उघडली. सापडलं.

इंजिन गेल्यावर त्यांनी ते यंत्र जाळ्यावरून सोडवून बोटीत घेतलं असणार. बोट वाहत होती आणि यंत्र ओरडत होतं. नावाचा रकाना पहिल्यांदाच उघडला. त्या यंत्राचं नाव मोबाईलवरून बदलता येतं. कमलेशने बदललं होतं. रोमन अक्षरांत लिहिलं होतं, 'वाचवा'.

त्याच्यापुढे: खोटं. वेळ चार दहा. तपासणारा, नागोराव.

मी. आजोबांवरून ठेवलेलं माझंच नाव. शोधणारे आमचाच नकाशा बघत होते. बटण दाबल्यावरही तो पुढे काही दिवस हाक मारत होता. शेवटची हाक कुठल्या तारखेची तेही समोर आहे. इथे लिहीत नाही. हेमाली खोली झाडायला येते, वही उघडीच असते.

१५ नोव्हेंबर

काही सापडलं नाही म्हणून सांगितलं तिला. चक्क थाप मारली. नोकरी जाईल, पोलीस येतील, काशीबाईंच्या हातचं जेवलोय, कुठल्या तोंडाने सांगू? ती बरं म्हणाली. खोकं पुसलं आणि घेऊन गेली.

४४१७ आज सहा मैलांवर. नाव 'वाचवा'. त्या यंत्राची बॅटरी फार तर आठवडाभर टिकते. दोन वर्षं नाही.

१७ नोव्हेंबर

दोन मैल. बटण दाबत नाही आता. नाव बदललं आहे — 'नागोराव'.

जेवायला हाक आली नाही. खाली गेलो, तीनच ताटं. काशीबाई, माझं ताट? — त्या माझ्याआरपार हेमालीशी बोलत राहिल्या. रागावल्या असतील. कळलं असेल का?

१८ नोव्हेंबर

रागावलेल्या नाहीत. मी दिसत नाही.

रिक्षाला हात केला, तीन गेल्या. साहेबांना फोन लावला, ते हॅलो हॅलो, कोण आहे म्हणाले आणि ठेवला. मी बोलत होतो! कमलाकांतांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी शाल ओढली, गार वारा सुटलाय म्हणाले.

४४१७ खाडीच्या तोंडाशी.

१९ नोव्हेंबर

चार दहा. अंतर शून्य. गच्चीवर डिझेलचा वास. अँटेनाची वायर ओली, बोटाला मीठ.

स्क्रीनवर एक नवी ओळ. नंबर नाही. नाव नागोराव. वेग शून्य. जागा — ही खोली.

पुढे: खोटं. तपासणारा, कमलेश.

मग ओळ गेली.

२० नोव्हेंबर

हेमाली झाडू घेऊन आली आहे. खालून काशीबाई, सायेब न सांगता गेले, सांगून तरी जायाचं — ओरडतोय मी, इथेच आहे, घसा फाटला —

त्याच्या शेवटच्या हाकेची तारीख तीनदा लिहिली. तिचे आकडे उमटत नाहीत. बाकी सगळं उमटतं. तेवढे आकडेच नाहीत.

झाडू इकडे येतोय. वहीकडे बघते आहे ती. अक्षरांत लिहितो. हेमाली, तुझ्या कमलेशने हाक मारली होती, ती मी पुसली, मला माफ करू नकोस, पण त्याचं पान वाढ. तो गेला तो दिवस —