पहिलवानाचा उपास

देवपूर, धुळे
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप अभिमननाना यांना धाकटा मावसभाऊ गिरधर याचा साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या दोन्ही नव्या गुडघ्यांना वेगळा, कारण वयाने लहान असले तरी तुम्हाला उभं करण्याचं काम तेच करताहेत. सुरतेचं पाणी मानवलं असेल. जिना चढता येतो की अजून लिफ्टच, ते कळवावं. इकडे रत्ना आणि मुलं मजेत आहेत, पिठाची गिरणी चालू आहे, आणि मायची तब्येत तिच्या वयाच्या मानाने आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली आहे.

फोन न करता पत्र लिहितो आहे याचं आश्चर्य वाटेल. तुमच्या मुलाकडे फोन लाऊडस्पीकरवर टाकून सगळं घर ऐकतं. शिवाय मी गंभीर काही बोलायला लागलो की तुम्ही आधी हसता आणि मग मी सांगायचं तेच विसरतो. कागद हसत नाही. तर मुद्दा पहिलवानाचा आहे. (घाबरू नका, तो जिवंत आहे. हे पत्राच्या शेवटी सांगितलं असतं तर गोष्टीला रंग चढला असता, पण तुमचा रक्तदाब मला माहीत आहे.)

ऑपरेशनला जाताना, दत्तजयंतीच्या आठवड्यात, तुम्ही पिंपळनेरहून पहिलवानाला माझ्या दारात सोडलंत. तेव्हा तो नावाप्रमाणे होता. वैशाखात अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, परत नेईन, तोवर सांभाळ, असं तुम्ही म्हणालात आणि मी हो म्हटलं. तो काय खातो हे मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. तुमच्या घरी रविवारी काय शिजतं हे मला माहीत होतं, पण ते कुत्र्यापर्यंत पोहोचत असेल हा विचार मी मुद्दामच केला नसावा. माझ्या आणि मायच्या गळ्यात माळ आहे. या घरात वीस वर्षांत अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नाही. पहिलवानालाही वरण-पोळी, दूध-पोळी आणि सणाला पुरणाची पोळी मिळू लागली. तो खायचा. तक्रार करायचा नाही. मी त्याला समाधान समजलो.

पहिल्या एकादशीला मी त्याच्यापुढे भगर ठेवली. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि देवघराकडे तोंड करून फरशीवर आडवा झाला तो दुसऱ्या दिवसापर्यंत उठला नाही. (देवघरापुढची फरशी घरात सगळ्यांत गार आहे, हे मला आता सुचतंय.) नाना, खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. मी भजनी मंडळात सांगितलं की आमचा कुत्रा निरंकार एकादशी करतो. पुढच्या एकादशीला शेजारच्या कोकिळाबाई त्याला पाहायला आल्या, त्याच्यापुढे राजगिऱ्याचा लाडू ठेवला आणि हात जोडून म्हणाल्या, "मागल्या जन्मीचं काही तरी शे याचं." मग आणखी लोक आले. मी त्यांना चहा देत होतो. माणसाने अहंकार सोडावा असं मी तीस वर्षं ऐकत आलो, पण कुत्र्याच्या उपासाचाही अहंकार होऊ शकतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

या सगळ्या कौतुकात पहिलवानाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. गळ्यातला पट्टा इतका सैल झाला की तो मान खाली घालून त्यातून बाहेर यायचा, म्हणून मी तो काढूनच ठेवला. फाल्गुनातल्या वद्य एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, बारशीला सकाळी, तो उठायला गेला आणि मागचे पाय फाकून खाली बसला. (त्या एकादशीला पापमोचनी म्हणतात. पाप कुणाचं ते तुम्हीच ठरवा.) मी त्याला उचललं तर पिठाच्या अर्ध्या गोणीपेक्षाही हलका लागला. मायने चपला घातल्या आणि म्हणाली, "मी बी येस."

आमच्या मागच्या गल्लीत जनावरांचा दवाखाना आहे. डॉक्टर चारुलता मॅडम सांगलीकडच्या, इथे येऊन वर्ष झालं असेल. बाहेर झुलालभाऊ म्हणून साठीचे कंपाउंडर बसतात, ते कार्ड लिहितात. मी कार्डापाशी थांबलो, माय कुत्र्याला घेऊन आत गेली. झुलालभाऊंनी पेशंटचं नाव विचारलं. मी म्हटलं, पहिलवान. त्यांनी दारातून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

आत काय झालं ते मला नंतर मॅडमने सांगितलं. त्यांनी मायला विचारलं, "आजी, हा काय काय खातो?" मायने आपलं सरळ उत्तर दिलं, "बठ्ठं खास." आता आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळेल की हा सगळं खातो. पण सांगलीच्या कानाला ते 'पट्टा' असं ऐकू आलं. मॅडमने कुत्र्याची मान पाहिली तर पट्टा नाही. त्यांनी घाबरून विचारलं, "पट्टा खाल्ला? कधी?" माय म्हणाली, "रोजच खास. दोन टाइम." मॅडम म्हणाल्या, "रोज? मग देता कशाला?" यावर माय रागावली. "का बरं नही देऊ? पाव्हना शे तो."

मी आत गेलो तोवर पहिलवान एक्स-रेच्या टेबलावर आडवा होता आणि मॅडम त्याच्या पोटात बक्कल शोधत होत्या. फोटो आला. मॅडमने तो उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "पट्टा नाही. पण याच्या पोटात दुसरंही काहीच नाही." मग मी घसा खाकरून सांगितलं की काल एकादशी होती.

नाना, मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी त्याच्या पापण्या खाली ओढून मला दाखवल्या, आत पांढरंफटक होतं. वजन साडेबारा किलो भरलं, या उंचीला अठरा हवं. त्या म्हणाल्या, "काका, उपास करणाऱ्याला तो करायचा असतो. याची उपासमार झालीय." रोज दोन उकडलेली अंडी द्यायला सांगितली, मटणाचं जमलं तर उत्तम. पंधरा दिवसांत अंगात रक्त भरलं नाही तर मग माझ्या हातात काही नाही, असंही म्हणाल्या. मी आखाजीपर्यंतचे दिवस मोजले. तुम्हाला दिलेला शब्द एका बाजूला आणि देवाला दिलेला दुसऱ्या बाजूला, आणि मधे हा, शेपटीचं फक्त टोक हलवणारा.

मी चार दिवस पळवाटा शोधल्या. पनीर दिलं, ते त्याने ओकून टाकलं. सोयाबीनच्या वड्या त्याने एकेक करून पायपुसण्याखाली ठेवल्या. शेंगदाण्याचा कूट मीच खाल्ला. वजन पाव किलो आणखी घटलं. पाचव्या दिवशी मी माळ दिसू नये म्हणून मफलर गुंडाळून अंडी आणायला गेलो. (चैत्रात धुळ्यात मफलर गुंडाळलेला माणूस चोर तरी असतो नाही तर आजारी. दुकानदाराने मला आधी स्टूल दिलं.) कोणासाठी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पहिलवानासाठी. तो म्हणाला, "मग दोनने काय होतं काका, डझन न्या. आणि त्याला म्हणावं, पिवळं टाकू नको."

अंडी तर आली, उकडायची कशात? रत्नाने स्पष्ट सांगितलं होतं की ज्या भांड्यात तसलं काही शिजेल ते भांडं आणि शिजवणारा, दोघंही पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाहीत. शेवटी झुलालभाऊ दवाखान्यातल्या विजेच्या किटलीत उकडून देऊ लागले. (तिथे आता चहा कुणी घेत नाही.) पहिलवानाला रोज सकाळी उचलून न्यायचं, ओट्यावर ठेवायचं, आणि तो खात असताना मी बाकावर पाठ फिरवून नामस्मरण करत बसायचं, असा क्रम सुरू झाला.

त्या बाकावर बसून मी जेवढा विचार केला तेवढा कुठल्या कीर्तनात केला नसेल. तिथे आलेलं कुणी जनावराचं नाव घेऊन बोलत नाही. बकरी घेऊन आलेली म्हातारी म्हणते, "आम्हाला कालपासून जुलाब शेत." बँकेतले साहेब मांडीवर मांजर घेऊन सांगतात, आम्ही रात्रभर झोपलो नाही, आमचं शेपूट दारात सापडलं. कुणाला त्यात गंमत वाटत नाही. मला मात्र झुलालभाऊंनी विचारलं की आज कसं आहे, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "त्याने आज एक खाल्लं." बाकीचे सगळे 'आम्ही' होते, मी एकटा 'तो' म्हणत होतो. आणि त्याच्या वतीने उपास मात्र मी तीन महिने बेधडक केले होते. त्या दिवशी मी त्याच्याकडे वळलो. समोर बसलो. दुसरं अंडं मीच सोललं. हाताला वास लागला. आभाळ पडलं नाही.

घरी सांगत होतो की इंजेक्शनला नेतो. आठव्या दिवशी माय म्हणाली, "इंजेक्शनना वास अंडासारखा येस का रे?" मी खाली मान घातली आणि सगळं सांगून टाकलं. आपण बाटलो, असं म्हणालो. माय पहिलवानाच्या अंगावरून हात फिरवत होती. म्हणाली, "माळ तुन्हा गळाम्हा शे. त्याना गळाम्हा पट्टा व्हता. तू तुन्ही माळ सांभाळ." एवढं बोलून ती वाती वळायला गेली. मी पिठाच्या गिरणीच्या मागे तीन विटांची चूल मांडली.

त्यानंतरच्या एकादशीला मंडळात उभं राहून मी सांगितलं की आमचा कुत्रा उपास करत नव्हता, मी त्याला उपाशी ठेवत होतो, आणि आता तो रोज दोन अंडी खातो. सगळे हातातले टाळ खाली ठेवायचेही विसरले. घरी जाताना कोकिळाबाईंनी मला कोपऱ्यात गाठलं आणि हळूच म्हणाल्या, "आमनी मांजरले बोंबील लागस, भाऊ. मी कधी मंडळमा सांगेल नही, इतलंच."

काल पहिलवानाचं वजन सोळा किलो भरलं. पापण्यांच्या आत गुलाबी दिसतं. तो स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातो, मॅडमच्या स्टुलाखाली बसतो आणि येणाऱ्या बोक्यांना दम देतो. तेव्हा काळजी नसावी. आखाजी बारा दिवसांवर आहे, तुम्ही ठरल्याप्रमाणे यावं आणि आपला कुत्रा सुखरूप न्यावा. माझ्याकडून झालेली चूक पोटात घालावी. वहिनींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुमचा,
गिरधर

ता. क. : येताना पिंपळनेरच्या घरावरून या आणि पहिलवानाचं जर्मनचं पातेलं घेऊन या. साखळी आणू नका. (पातेलं धुळ्यातही मिळतं, हे मला माहीत आहे.)

ता. क. २ : वरचं मायला वाचून दाखवलं. ती म्हणते, असं आडून काय मागतोस, अभिमन मना बहीणना पोऱ्या शे, सरळ माग. तर नाना, सरळ मागतो. त्याला राहू द्या. आम्हाला करमणार नाही.

ता. क. ३ : पण तो तुम्हाला पाहून धावत आला आणि मागे वळूनही बघेना, तर काही न बोलता घेऊन जा. मी त्या वेळी गिरणीत असेन. माय म्हणते, आखाजीला गिरणी बंद असते. असू दे, तरी मी तिथेच असेन.